पडद्यातून येणारे हात

इतर विभागांत पेशंट येतो, बरा होतो, मिठाईचा बॉक्स देतो आणि जातो. आमच्याकडे येतो आणि येतच राहतो! संधिवात असा सहजासहजी पाठ सोडत नाही. त्यामुळे आमचे पेशंट म्हणजे वर्षानुवर्षांचे पाहुणे. त्यांच्या सुनांची बाळंतपणं, जावयांच्या बदल्या, शेजाऱ्यांशी भांडणं, सगळं आम्हाला तोंडपाठ. अशा ठिकाणी किस्से साठणारच. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. टाकवत नाहीत, आणि कुणी घरी आलं की एखादा खाली काढून दाखवावासा वाटतो.

मी मूळची सोलापूरची. शिक्षणानं फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या नोकरीमागून चेन्नईला आले आणि इथल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधल्या संधिवात संशोधन गटात रिसर्च ऑफिसर म्हणून चिकटले. काम काय, तर पेशंटना प्रश्न विचारायचे. लहानपणी आई ओरडायची, "मंजिरी, नसत्या चौकशा करू नकोस!" आता त्याच चौकशांचा पगार मिळतो!

आमच्या गटाच्या प्रमुख डॉ. शांता मॅडम. इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना सगळे "चीफ" म्हणतात. त्यांच्या हाताखाली डॉ. मुकुंद राव, मी आणि स्टेला सिस्टर. एवढंच कुटुंब. आता डबे काढते खाली.

*

आम्ही पेशंटना जे प्रश्न विचारतो ते मुळात परदेशात तयार झालेले. पहिल्याच आठवड्यात मी एन्नोरच्या एका आजींना अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "बाथटबमध्ये उतरून परत बाहेर येता येतं का?"

आजींनी मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाल्या, "टब घेऊन दे. मग सांगते!"

दुसरा प्रश्न, सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात? या आजारात ते फार महत्त्वाचं. उत्तर मिनिटांत हवं. पण मिनिटांत कोण सांगतंय! "दुसऱ्या कॉफीपर्यंत." "नळाचं पाणी जाईपर्यंत." एक बाई म्हणाल्या, "पूर्वी कोलम काढून व्हायच्या आत हात मोकळे व्हायचे. आता कोलमच छोटा काढते." दारापुढची ती रांगोळी दर वर्षी किती आक्रसत गेली, ते त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं.

पण सगळ्यांत भारी निघाले एक निवृत्त हेडमास्तर. मी विचारलं, "शर्टाची बटणं लावताना त्रास होतो का?"

"मुळीच नाही."

मी आनंदानं "नाही" असं नोंदवलं. चीफ मागे उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांच्या अंगावरच्या टी-शर्टाकडे पाहिलं आणि विचारलं, "टी-शर्ट कधीपासून घालता?"

"बटणं लागेनाशी झाली तेव्हापासून!"

त्या दिवशी चीफनी मला सांगितलं, "रडणाऱ्या पेशंटची काळजी करू नकोस. 'मुळीच त्रास नाही' म्हणतो ना, त्याच्याजवळ जरा जास्त वेळ बस."

*

आता पडद्याची गोष्ट. आमचा एक मोठा अभ्यास चालू आहे. आजार आटोक्यात आल्यावर औषध कमी केलं तर चालतं का, हे बघायचं. काहींचं औषध कमी करतात, काहींचं तसंच ठेवतात. आणि जो डॉक्टर सांधे तपासतो त्याला कुणाचं काय चाललंय ते अजिबात कळता कामा नये. कळलं की त्याचं बोट आपोआप जास्त किंवा कमी दाबणार. माणूसच तो!

हे काम मुकुंदकडे. पेशंटना आम्ही शंभरदा बजावून सांगायचो, "आतल्या डॉक्टरांशी औषधाबद्दल बोलू नका." आणि पेशंट आत जाऊन पहिलं वाक्य हेच बोलायचे, "सर, औषधाबद्दल तुमच्याशी बोलू नको म्हणालेत. पण मला वाटतं, माझं कमी केलंय!"

मुकुंदनं कानात कापूस घातला. पेशंट मोठ्यानं बोलायला लागले.

शेवटी चीफनी खोलीच्या मधोमध पडदाच टांगला. त्याला भोक पाडून घेतलं. पेशंट अलीकडे, मुकुंद पलीकडे, मी कडेला टॅबलेट घेऊन, म्हणजे मला दोन्ही बाजू दिसतात. भोकातून फक्त हात आत येतात. बोलणं बंद. मुकुंद एकेक सांधा दाबून विचारतो, "वलिक्कुदा?" म्हणजे दुखतंय का? पेशंटनं "आमा" किंवा "इल्ल", हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं. मुकुंद मला ओरडून सांगतो, कुठला सांधा टेंडर, म्हणजे दाबल्यावर दुखरा, आणि कुठे स्वेलिंग. झालं की हातावर थोपटतो. म्हणजे, निघा.

पहिल्या दिवशी पहिला हात आत आला. मुकुंदनं धरला, उलटा केला, आणि बराच वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही.

मी म्हटलं, "सर? राइट हँड?"

"राइट हँड," मुकुंद म्हणाला, "एक लाडू."

तिरुपतीचा प्रसाद होता. बोलायला बंदी होती, द्यायला नव्हती!

*

त्या पडद्याचा एक परिणाम झाला. मुकुंद माणसांना चेहऱ्यानं ओळखेनासा झाला.

टी. नगरला आम्ही दोघं पडद्यासाठीच दुसरं कापड बघायला गेलो होतो, कारण पहिला धुऊन आटला आणि भोक भलत्याच उंचीवर गेलं. साड्यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नाही. एवढ्यात एक बाई नवऱ्यासकट समोर आल्या, "सर! नमस्कारम्!"

मुकुंद कोरा. बाई म्हणाल्या, "सर, मी! तुमची पेशंट!" हा अजून कोरा. बाईंचा चेहरा पडायला लागला. मला वाटलं, आता काहीतरी सावरून घ्यावं. तेवढ्यात बाईंनी खांद्यावरची पर्स सरकवली, आणि हा भर रस्त्यात आनंदानं ओरडला, "अरे! तुम्ही! डाव्या हाताचं मधलं बोट कसं आहे?"

बाई खुलल्या. बोट वाकवून दाखवलं. यानं शाबासकी दिली. नवरा बिचारा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. मला अजून हिच्या मधल्या बोटाचा पत्ता नव्हता!"

*

मुकुंद हा तंजावरी मराठी. त्याचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले ते इथलेच झाले. माझं आडनाव ऐकल्यावर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुम्ही मराठी कां?" त्याचं मराठी म्हणजे कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीत वाचतंय असं. माझं मराठी त्याला सिनेमातलं वाटतं. "इतकं फास्ट कां बोलतेस? ट्रेन पकडायची अहे काय?" असं तो मला अजून विचारतो.

त्याची आई, आम्हा सगळ्यांच्या अम्मा, वेस्ट मांबलमला राहतात. वडील गेले. घरात हे दोघंच. मुकुंदचं लग्न नाही, आणि अम्मांच्या कॉफीपुढे त्याला जगात कशाचीच पर्वा नाही. आपल्या हातची कॉफी दिल्याशिवाय अम्मा कुणाला दाराबाहेर सोडत नाहीत. पेला आणि त्याखालची वाटी, टंबलर आणि दावरा. यातून त्यात, त्यातून यात, हात उंच नेऊन ओतायची. वर असा फेस की ओठांवर मिशी उमटावी!

एकदा मुकुंद सकाळी आला तो तोंड पाडूनच. मी छेडलं, "काय झालं? अम्मांनी उपाशी पाठवलं?"

"कॉफी दिली. फेस नव्हता."

"अरेरे! आता कसं रे होणार तुझं!"

"हसू नको. काल पण नव्हता. हा सगळा आठवडा नाही. वाटतं माझ्यावर राग अहे. लग्नाचं कारण."

मी आणि स्टेला सिस्टर हसत होतो. चीफ हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तमिळमध्ये विचारलं, "मुकुंद, अम्मा कॉफी ओतत का नाहीत?"

मुकुंदनं त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर कळलं नाही त्याला. मग त्याचा चेहराच बदलला. इतका वेळ तो स्वतःच्या कॉफीचा विचार करत होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी आल्यावर एवढंच म्हणाला, "हात पदराखाली. दाखवत नाही. म्हणते, मुळीच त्रास नाही."

आमच्या खोलीत त्या तीन शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. या आजारात सुरुवातीचे महिने फार मोलाचे. तेव्हा औषध मिळालं तर हात वाचतात. उशीर झाला की सांधा झिजतो, बोट वाकतं, ते परत सरळ होत नाही. मुकुंद हे रोज पेशंटना पोटतिडकीनं सांगतो. दिवसभर अख्ख्या शहराचे हात दाबणारा हा माणूस, आणि याला स्वतःच्या आईच्या हाताला हात लावता येईना!

*

चीफचं डोकं मात्र संशोधकाचं. त्यांनी बाथटबचा प्रश्न कायमचा काढला आणि त्या जागी नवा घातला, "कॉफी उंचावरून ओतता येते का?" त्याचा अहवाल परदेशी पाठवला. तिकडून परीक्षकांनी विचारलं, "फेस म्हणजे नक्की किती फेस? मोजमाप ठरवावे."

झालं! मी, मुकुंद आणि स्टेला सिस्टर पट्टी घेऊन कँटीनमध्ये. कँटीनवाले, ज्यांना इथे सगळे मास्तर म्हणतात, इतके तापट की चीफसुद्धा त्यांच्याशी दबून बोलतात. मी कॉफी घेतली, टंबलरमध्ये पट्टी बुडवली, मुकुंदनं आकडा वाचला. दुसरी घेतली, पुन्हा पट्टी. तिसऱ्या कॉफीला मास्तर गल्ल्यामागून उठून आले.

"काय चाललंय?"

"फेस मोजतोय," मी म्हटलं. "रिसर्च आहे."

"माझ्या कॉफीवर रिसर्च?" त्यांनी डोळे वटारले. "पास होण्यासारखी आहे का नापास, एवढंच सांगा! नापास असेल तर उद्यापासून तुम्हाला चहा!"

आम्ही एकमुखानं पास केली. परीक्षकांना कळवलं की फेस मोजण्यात स्थानिक अडचणी आहेत.

*

इकडे मुकुंदचे घरी प्रयत्न चालूच. आधी त्यानं समजावलं. मग चिडला. मग नुसतं शेजारी बसून हात धरायला गेला, तर अम्मा म्हणाल्या, "काय रे हे? मी काय तुझी पेशंट अहे?"

मग वाटाघाटी सुरू झाल्या. अम्मांनी अट घातली, "तू मुलगी दाखव. मी हात दाखवते!"

मुकुंदनं ही अट आम्हाला सांगितली तेव्हा त्याला रडावं की हसावं कळत नव्हतं. स्टेला सिस्टरनं लगेच तिच्या चर्चमधल्या एका शिक्षिकेचं नाव सुचवलं. मी म्हटलं, "खोटीच दाखवू या. मी चालेन का?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "अम्मा तुज ओळखते. आणि तुझ्या हातची कॉफी तिनं प्यायली अहे. कोणी विश्वास ठेवणार नाही."

दिवस मात्र जात होते. रोज सकाळी तो आला की आम्ही विचारायचो, "फेस?" तो मान हलवायचा. नाही.

*

मध्ये पावसाचं एक प्रकरण झालं. आमच्या निम्म्या पेशंटचं म्हणणं, पाऊस येण्याआधी गुडघ्याला कळतं. चीफना कुतूहल. खरंच कळतं का? बघू या की! इथला खरा पाऊस ऑक्टोबरात येतो, तो यायच्या सुमाराला आम्ही काही पेशंटना सांगितलं, गुडघा दुखून उद्या पाऊस येणार असं वाटलं की फोन करायचा.

यात एन्नोरच्या सेल्वी अक्का होत्या. मासळी सुकवून विकायचा धंदा. गुडघ्यावर त्यांचा फार भरवसा. पहिला पाऊस आला, आदल्या दिवशी अक्कांचा फोन होता. दुसरा आला, तेव्हाही होता. चीफ हरखल्या. "हा गुडघा वेगळा आहे! नीट अभ्यास करायला हवा!"

मी नोंदी नीट चाळल्या तर कळलं, अक्कांचा फोन रोजच येत होता. कडक उन्हाच्या दिवशीसुद्धा!

पुढच्या भेटीत विचारलं, "अक्का, रोज कसा दुखतो हो पावसासाठी?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "रोज सांगितलं की एक दिवस खरं ठरतंच. टीव्हीवरची बाई दुसरं काय करते?"

चीफ त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मुकुंदही हसला, बऱ्याच दिवसांनी.

*

मग एका रविवारी मी ठरवून अम्मांकडे जेवायला गेले. मुकुंदला केळीची पानं आणायला पिटाळलं. अम्मा स्वयंपाकघरात होत्या. मी काही न बोलता बघत राहिले, माझं कामच ते. कुकरचं झाकण त्या तळव्यानं ढकलून लावत होत्या. नारळ आधीच खवून, विकतचा आणलेला. चिंचेचा कोळ बोटांनी न काढता चमच्यानं दाबत होत्या. एकही गोष्ट अडली नव्हती. प्रत्येक गोष्टीला त्यांनी आडवाट शोधली होती. हेडमास्तरांचा टी-शर्ट मला आठवला.

"अम्मा," मी म्हटलं, "कशाला लपवता हो? औषधं आहेत आता. चांगली आहेत."

त्या माझ्याकडे न बघता पळी फिरवत राहिल्या. "तुम्ही तसंच म्हणणार. तुमचं ते कामच अहे."

"मुकुंद झोपत नाही नीट."

पळी थांबली. मग त्या सावकाश बोलायला लागल्या. त्यांची थोरली बहीण कुंभकोणमला होती. तिचे हात असेच सुजले, मग वाकले. मुलं चांगली. आईला त्रास नको म्हणून स्वयंपाकीण ठेवली आणि आईला खिडकीशी खुर्चीत बसवलं. येणारेजाणारे म्हणायचे, काय सुख अहे म्हातारीचं!

"मी भेटायास गेले," अम्मा म्हणाल्या, "तर अक्का माझ्या कानात काय विचारते ठाऊक? 'आत जाऊन बघ गे, डाळीस हिंग घातला काय त्या बाईनं? मज वास आला नाही.' सगळी दुपार तेच. हिंग घातला काय, हिंग घातला काय."

त्यांनी गॅस बारीक केला. तोही मनगटानं.

"मुकुंद चांगला मुलगा अहे. म्हणून भय. मज कोणी बसवू नये गे, मंजिरी."

मी जन्मभर चौकशा करत आले, पण त्या दिवशी पुढचा प्रश्न सुचला नाही. "नाही बसवणार," एवढंच म्हणाले, आणि तेही कुणाच्या अधिकारात म्हणाले कोण जाणे. तेवढ्यात मुकुंद पानं घेऊन आला. अम्मांनी हात पदराखाली घेतले. आम्ही पोटभर जेवलो. डाळीला हिंग अगदी बेताचा होता.

हे सगळं मी मुकुंदला सांगितलं. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मी स्वयंपाकीण बघून ठेवली होती."

त्यानं तिला फोन करून नको म्हणून सांगितलं. अम्मांना पुन्हा हात दाखव म्हणाला नाही. बिनफेसाची कॉफी निमूट पिऊन येत राहिला.

*

आणि मग तो बुधवार. ओपीत, म्हणजे बाहेरच्या पेशंटच्या खोलीत, ही गर्दी. पडद्याची रांग दारापर्यंत गेलेली. मुकुंद पलीकडे कामाला बसलेला. स्टेला सिस्टरनं मला कोपरानं ढोसलं. "बघा कोण आलंय."

रांगेच्या टोकाला बाकावर अम्मा. एकट्याच, बसनं आल्या होत्या. मांडीवर पिशवी, हात पदराखाली.

मी चीफना बोलावून आणलं. चीफ त्यांच्यापुढे स्टूल ओढून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "दाखवा हात. मी बघते."

अम्मांनी मान हलवली. तमिळमध्येच म्हणाल्या, "इथे नको. तुमचा तो पडदा आहे ना? त्यात तोंड दिसत नाही म्हणे कुणाचं."

"नाही दिसत."

"आणि बोलायचं नाही. समजूत घालायची नाही. फक्त हो की नाही."

"फक्त हो की नाही," चीफ म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "पलीकडे कोण बसतं, ठाऊक आहे ना?"

अम्मा पिशवीचे बंद सारखे करत राहिल्या.

चीफ नियमांच्या इतक्या पक्क्या, की पडद्यापाशी अभ्यासाबाहेरचं चिटपाखरू फिरकू द्यायच्या नाहीत. त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "यांचं काही अभ्यासात घालायचं नाही. बाकी सगळं नेहमीसारखं. रांगेतून येऊ दे."

अम्मांचा नंबर आला. पडद्यापुढे बसल्यावर त्यांनी उजव्या हातातली सोन्याची बांगडी काढायला घेतली. सुजलेल्या सांध्यांवरून ती उतरेना. त्यांनी ओठ दाबून धरला, ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. मग हात भोकातून आत गेला.

मुकुंदची नेहमीची सुरुवात मनगटापासून. त्यानं हात घेतला, मनगटावर अंगठा ठेवला, आणि थांबला.

मी त्याच्याकडे पाहत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेही नाही. फक्त त्या हाताकडे बघत राहिला.  वाटलं, आता हा उठणार, पडदा बाजूला करणार, आणि सगळं फिसकटणार.

"वलिक्कुदा?" त्यानं विचारलं. आवाज रोजचाच.

 रांगेत कुणीतरी खोकलं.

"आमा," अम्मा म्हणाल्या.

"राइट रिस्ट. टेंडर. स्वेलिंग," मुकुंद म्हणाला. मी टॅबलेटवर बोट ठेवलं. मला स्क्रीन नीट दिसत नव्हती.

पुढचा सांधा. "वलिक्कुदा?"

"आमा."

त्याच्या पुढचा. त्याच्याही पुढचा. तो प्रत्येक बोट असं धरत होता की दाबतोय का नुसतं धरतोय कळू नये, आणि तरी प्रत्येक वेळी विचारत होता, आणि प्रत्येक वेळी अम्मांकडून तेच उत्तर येत होतं, घरात इतके महिने एकदाही न आलेलं. करंगळीला फक्त "इल्ल" आलं. तेव्हा त्यानं श्वास सोडला. मग डावा हात. पुन्हा सगळं तसंच, त्याच रोजच्या आवाजात.

शेवटचा सांधा झाला. आता हातावर थोपटायचं, की पुढचा पेशंट.

मुकुंदनं थोपटलं नाही. दोन्ही तळव्यांत तो हात धरून बसून राहिला. स्टेला सिस्टर माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी विचारलं, "आत झोपले की काय?"

तेव्हा पडद्याच्या अलीकडून अम्मांचा आवाज आला. या वेळी मराठीत.

"पुरे रे, सोड आता. मागे लोक उभे अहेत."